डावीकडून वाढणाऱ्यांचा इतिहास

वसईत रिक्षावाल्याला "लॉजवर सोड" म्हटलं की तो आरशातून आपल्याकडे बघतो. माझं वय एकसष्ट, डोक्यावर मोजून सात केस, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत आत्यासाठी सुकवलेली केळी, सुकेळी. तरीही तो बघतोच. एकदा एकानं विचारलं, "काका, एकटेच?" मी चिडून म्हणालो, "तिथं माझी आत्या आहे." त्यानंतर त्यानं आरसाच वर वळवून टाकला.

तर ही लॉज तसली नव्हे. इंग्रजांच्या अमदानीत साहेबलोकांच्या बंधुसंघटना होत्या. बंद दाराआड गुप्त विधी करायचे आणि दाराबाहेर अनाथालयं, वृद्धाश्रम चालवायचे. त्यांच्या सभागृहाला लॉज म्हणत. मुंबईतल्या अशाच एका मोठ्या लॉजच्या धर्तीवर आमच्या वाडीतल्या एका माणसानं गावातच एक बंधुमंडळ काढलं. कौलारू हॉल, मागे बावखल, म्हणजे आमच्याकडचं ते गोड्या पाण्याचं तळं, आणि बावखलाच्या पलीकडे केळीत लपलेलं आश्रमघर. त्या घरात नऊ म्हातारी माणसं राहतात. त्यातली एक माझी आत्या.

मंडळात बंधू उरले होते सात. सर्वांत तरुण बंधू अडुसष्ट वर्षांचा, आणि त्याला सगळे "पोरगा" म्हणत. एकाचा गुडघा, दुसऱ्याचं काळीज, तिसऱ्याची बायको, असं प्रत्येकाचं काही ना काही दुखत होतं. आश्रमघर चालवणं आता झेपेना. तेव्हा त्यांनी मुंबईच्या मोठ्या लॉजला पत्र लिहिलं, की आम्ही तुमचेच, तुमच्या देशभरातल्या आश्रमांमध्ये आमचाही एक घ्या.

मुंबईहून उत्तर आलं. घेऊ, पण तीन गोष्टी दाखवा. एक, तुमची परंपरा आमच्यापासून निघाल्याचा लेखी इतिहास. दोन, तुमचा विधी, आमच्या माणसांसमोर. आणि तीन, आश्रमात राहणारी माणसं खरोखरच निराधार आहेत, त्यांना जवळचं कोणी नाही, याची प्रत्येकाकडून तोंडी खातरजमा. यातलं एक जरी चुकलं तरी नकार. आणि नकार आला तर नऊ म्हाताऱ्यांना जिथं जागा मिळेल तिथं नऊ दिशांना धाडायचं, हे मंडळाच्या बैठकीत जड मनानं ठरून गेलं होतं.

मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला होता. म्हणून इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात आलं. इतिहास शिकवणं आणि लिहिणं यात तोच फरक आहे जो मासे खाणं आणि धरणं यात आहे, हे मी चिटणिसांना सांगून पाहिलं. चिटणीस म्हणजे तोच अडुसष्ट वर्षांचा पोरगा. सातिवलीला त्याचं पुठ्ठ्याचे खोके बनवायचं छोटं युनिट आहे. तो म्हणाला, "सर, टेन्शन मत लो. थोडं इधर उधर बघून लिहा. बॉक्सवर पण आपण 'नाजूक वस्तू' लिहितोच ना, आत काय पण असो."

आता आत्याबद्दल सांगायला हवं.

माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. वडिलांची ही बहीण तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. तिनं मला वाढवलं. वाडीतली भाजी डोक्यावर घेऊन बाजारात जायची, परत येऊन भाकऱ्या थापायची, सगळ्यांना वाढायची आणि शेवटी चुलीपाशीच पाटाच्या कडेला बसून उरलंसुरलं खायची. मला शिकवलं, मास्तर केलं, माझं लग्न लावलं. वाडी विकली गेल्यावर आम्ही बोळिंजला सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा ती अर्थातच आमच्याबरोबर आली.

सातवा मजला तिला मानवला नाही. खरं सांगायचं तर सातव्या मजल्याला ती मानवली नाही. तिनं अर्नाळ्याहून वाकट्या, ती लांब चपटी मासळी, आणून खिडकीच्या ग्रिलला वाळत घातल्या. सहाव्या मजल्यावर शुद्ध शाकाहारी कुटुंब होतं आणि वाऱ्याची दिशा त्यांच्याकडेच होती. मग तिनं बाथरूममध्ये एक कोंबडा ठेवला. तो पहाटे आरवला की प्लंबिंगच्या पाइपातून त्याचा आवाज अख्ख्या विंगमध्ये जायचा. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "कृपया अलार्म टोन बदलावा." सेक्रेटरी घरी आले. आत्यानं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "अलार्म न्हवं तो, कोंबडा हाय. रविवारी या, जेवायला." सेक्रेटरींना ती धमकी वाटली की आमंत्रण, मला कळलं नाही. माझ्या बायकोनं आठ दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं.

त्याच दिवसांत आत्या आश्रमघरातल्या एका जुन्या मैत्रिणीला भेटायला गेली आणि दुपारी तिथंच जेवली. संध्याकाळी तिला आणायला गेलो तर म्हणाली, "मी नाय येत. इथंच ऱ्हाते."

"का गं? काय झालं?"

"मला बसवून वाढलं त्यांनी," ती म्हणाली. "पांढरे एप्रन घालून. वाकून विचारलं, अजून वाढू का. जन्मात मला कोनी बसवून वाढलं न्हवतं."

मी दुखावलो, मग वाद घातला, मग गप्प बसलो. गप्प बसलो कारण मला हायसं वाटलं होतं. आश्रमाच्या फॉर्मवर "जवळचे नातेवाईक" असा रकाना होता. नियम असा, की जवळचं कोणी असेल तर प्रवेश नाही. मी त्या रकान्यात माझ्याच सुंदर मास्तरी अक्षरात लिहिलं, "कोणी नाहीत." भाचा काही जवळचा धरत नाहीत, अशी मी माझी समजूत घातली. मंडळातल्यांना नातं ठाऊक होतं, त्यांनीही डोळेझाक केली. त्याला चार वर्षं झाली.

आता कळलं असेल, इतिहास लिहायला मी खरं म्हणजे का बसलो. मुंबईनं हो म्हटलं नसतं तर आत्याला कुठं धाडलं असतं कोण जाणे, आणि तेव्हा मला तिला घरी तरी न्यावं लागलं असतं नाहीतर नेत नाही असं तोंडानं म्हणावं लागलं असतं. दोन्ही गोष्टींना मी भीत होतो.

मंडळाच्या कपाटात संस्थापकांची विधीची वही होती. पण ती फक्त बंधूंनाच वाचता येते. म्हणजे इतिहास लिहायचा तर आधी बंधू व्हायला हवं. एका रविवारी सकाळी मला हॉलच्या दाराशी उभं करून डोळ्यांवर टॉवेल बांधला. टॉवेलला माशाचा वास होता. हातात एक खोलगट बशी दिली, काठोकाठ पाण्यानं भरलेली, आणि सांगितलं, की हॉलला तीन फेऱ्या, एक थेंब सांडता कामा नये, कोणाला आपटता कामा नये, आणि चेहऱ्यावर प्रसन्न भाव हवा.

पहिल्यांदा मी पहिल्याच फेरीत खांबाला धडकलो. दुसऱ्यांदा पाणी अध्यक्षांच्या पायांवर ओतलं. अध्यक्ष म्हणजे संस्थापकांचे चिरंजीव, वय सत्त्याऐंशी. ते शांतपणे म्हणाले, "पुन्ना." तिसऱ्यांदा कसाबसा पार पडलो. टॉवेल सुटला तेव्हा सातही बंधू पांढरे एप्रन घालून, डाव्या हातावर घडी घातलेला रुमाल टाकून, टाचा जुळवून दोन रांगांत उभे होते. त्यांच्याकडे बघून माझ्या अंगावर काटा आला, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. एप्रन सातिवलीच्या युनिटात शिवलेले होते आणि माझ्या एप्रनच्या खिशावर "धिस साइड अप" छापलेलं होतं, तरीही आला.

मग मला अकरा प्रतिज्ञा दिल्या. बंधू डावीकडून देईल आणि उजवीकडून घेईल. बंधू बसलेल्याकडे पाठ फिरवणार नाही, मागे मागे चालत दूर जाईल. बंधू जे ऐकेल ते त्यानं ऐकलेलं नसेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या मध्ये बंधू भिंतीशी उभा राहून महामौन पाळेल. बंधू दारावर तीनदा वाजवल्याशिवाय आत येणार नाही. आणि अकरावी, सर्वांचं झाल्याशिवाय बंधू बसणार नाही. विधीच्या मधोमध अध्यक्ष एका मोठ्या झाकलेल्या थाळीवरचं घुमटासारखं झाकण उचलतात. त्याला "रहस्योद्घाटन" म्हणतात. आत काय असतं हे मला आधी कोणी सांगेना. झाकण उचललं तर आत वालाची भाजी होती.

विधी संपला की सगळे बंधू त्याच ओळीत, त्याच पावलांनी बावखलाला वळसा घालून आश्रमघरात जातात आणि नऊ म्हाताऱ्यांना जेवायला वाढतात. मग स्वतः जेवतात. रोज दोघे, रविवारी सगळे. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं.

वही वाचून मी घरी आलो आणि इतिहास लिहायला घेतला. आता मास्तराच्या हाती असलं घबाड लागल्यावर तो थोडाच थांबतो. डावी बाजू ही हृदयाची, म्हणून दान डावीकडून. मागे चालणं म्हणजे विनम्रतेचं प्रतीक. महामौन म्हणजे दोन जन्मांमधली अवस्था. झाकण म्हणजे आकाश आणि वाल म्हणजे, वालावर मी तीन दिवस अडलो होतो, पण शेवटी बीज, सृष्टी वगैरे करून तेही मिटवलं. तीस पानं झाली. बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, "हे सगळं त्या सात म्हाताऱ्यांना माहीत आहे का?" मी म्हणालो, "परंपरा पाळणाऱ्याला अर्थ माहीत नसतो." हे वाक्य मला इतकं आवडलं की तेही मी पानात घातलं.

एकच धागा राहिला होता. संस्थापक मोठ्या लॉजचे सभासद होते याचा पुरावा. त्यासाठी मी मुंबईला त्यांच्या इमारतीत गेलो. केवढी ती इमारत. संगमरवरी जिना, भिंतीवर मोठमोठ्या माणसांच्या तसबिरी, आणि कपाटात देशभरातल्या त्यांच्या लॉजचे, अनाथालयांचे, विधवागृहांचे जाडजूड अहवाल. ग्रंथालयातल्या बाईंनी सभासदांच्या जुन्या याद्या पुढ्यात ठेवल्या. मी दोन तास शोधलं. आमचे संस्थापक कुठंच नव्हते. बाईंना माझी दया आली असावी, म्हणाल्या, "जेवून जा, खाली जेवण आहे."

खाली बुफे होता. मी प्लेट घेऊन रांगेत उभा राहिलो. रांग हळूहळू सरकत होती, म्हणून भिंतीवर बघत होतो. तिथं काचेच्या चौकटीत एक पिवळा पडलेला छापील कागद होता. वर इंग्रजीत मथळा, "भोजनगृहातील नोकरांसाठी नियम." खाली अकरा कलमं.

डावीकडून वाढावे, उजवीकडून उचलावे. पाहुण्यांकडे पाठ करू नये. टेबलावरचे बोलणे ऐकू नये. सूप आणि मासे यांच्या मध्ये भिंतीशी स्तब्ध उभे राहावे. दारावर तीनदा वाजवून आत यावे. सर्वांचे झाल्याशिवाय नोकरांनी जेवू नये.

माझ्या मागचा माणूस म्हणाला, "साहेब, पुढे सरका." मी सरकलो. काय वाढून घेतलं आठवत नाही. मला वाटतं नुसतं लोणचं घेतलं होतं. जेवण झाल्यावर बाईंकडे जाऊन जुन्या नोकरांचं रजिस्टर मागितलं. पाचव्याच पानावर आमचे संस्थापक होते. गाव वसई, हुद्दा वाढपी.

म्हणजे गुप्त विधी हा गुप्त विधी नव्हताच. मंडळ इतकी वर्षं ज्याला साधना म्हणत होतं ते साहेबाच्या रात्रीच्या जेवणाचं वाढप होतं. ती बशीभर पाण्याची परीक्षा म्हणजे सूप न सांडता नेण्याचं प्रशिक्षण होतं. मी सृष्टीचं बीज वगैरे लिहून बसलो होतो. चिडायचं कोणावर ते कळेना, म्हणून स्वतःवर चिडलो, आणि मग एकटाच हसलो. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं आपली पर्स जवळ ओढली.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांकडे गेलो. ते पडवीत बसून केळीच्या पानांच्या कडा साफ करत होते. हे कसं सांगावं याची मी वाटेत तीन भाषणं तयार केली होती. सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाला, तुमचे वडील बंधू नव्हते, वाढपी होते, हे सांगायचं होतं. मी सुरुवात केली, "मुंबईला एक कागद सापडला..."

"नोकरांच्या नियमांचा?" ते म्हणाले. "चौकटीतला? अजून हाय तो?"

मी उभाच राहिलो.

"बस," ते म्हणाले. "बापूस मला सांगायचा. साहेबलोक आतल्या खोलीत दार लावून काय करतात ते मला ठाव नाय, म्हनायचा. जेवतात कसे ते ठाव हाय. मग मंडळ काढलं तेव्हा जे ठाव होतं तेच शिकवलं त्यानं. दुसरं काय शिकवनार?"

"पण मग लोकांना सांगितलं नाही?"

"कोनी विचारलं नाय." त्यांनी एक पान बाजूला ठेवलं. "आनि गंमत ऐक. पयल्या दिवशी बंधू झाले अकरा. सगळे एप्रन घालून उभे. वाढनार, पन कोनाला? कोनीच बसायला तयार नाय. बसला तो बंधू कसला? वाल थंड होऊ लागले. तेव्हा बापूस गावात गेला आनि ज्यांच्या घरी चूल पेटत न्हवती अशी चार मानसं घेऊन आला. चला, जेवायला बसा म्हनला. दुसऱ्या रविवारी ती परत आली. तिसऱ्या रविवारी गेलीच नाय. असं झालं आश्रमघर."

देशभरातल्या लॉजचे आणि आश्रमांचे एवढे जाडजूड अहवाल चाळून आलो होतो, त्यात कुठंही जेवणारा कमी पडला म्हणून आश्रम काढल्याची नोंद नव्हती. मला त्या वाढप्याबद्दल असं प्रेम दाटून आलं की मीही एक पान उचलून त्याच्या कडा साफ करू लागलो.

"मग आता इतिहासात काय लिहू?" मी विचारलं.

"ते तुझं काम. मास्तर तू का मी?"

मी तीस पानं फाडली. फाडताना वाईट वाटलं, वालाचा परिच्छेद खरंच चांगला जमला होता. नव्यानं चार पानं लिहिली. खोटं काही लिहिलं नाही. "संस्थापकांचा मोठ्या लॉजच्या भोजनगृहाशी अनेक वर्षं दैनंदिन व निकटचा संबंध होता," हे वाक्य लिहून मी दोन दिवस त्याच्याकडे अभिमानानं बघत होतो. बत्तीस वर्षं पाठ्यपुस्तक शिकवून मला एवढं तरी आलं होतं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आत्याकडे गेलो. ती कॉटवर बसून सुकेळ्यांवरचं सुकं पान सोडवत होती. म्हणाली, "उद्या ते मला विचारतील. कोन हाय का तुला म्हनून. काय सांगू?"

"खरं असेल ते सांग," मी म्हणालो. मास्तरपणानं म्हणालो. मग थोड्या वेळानं खिडकीबाहेर बघत म्हणालो, "पण फॉर्मवर काय लिहिलंय तेही लक्षात ठेव. एकाचं खोटं निघालं तर सगळ्यांचंच बिघडेल."

"फॉर्म तूच लिवला न्हवं?" ती म्हणाली आणि अर्धं केळं माझ्या हातात ठेवलं. तिच्या तोंडावर हसू होतं.

रविवारी सकाळी मुंबईहून तीन पाहुणे आले. मुख्य पाहुणे ऐंशीच्या घरातले, काळा सूट, हातात चांदीच्या मुठीची काठी. हॉलमध्ये त्यांना समोर बसवलं. आम्ही आठ बंधू दारामागे उभे होतो. अध्यक्षांनी पळीनं दारावर तीनदा वाजवलं. आम्ही शिरलो, टाचा जुळवल्या, रुमाल सरळ केले. माझ्या पुढच्या बंधूचा गुडघा प्रत्येक पावलाला कटकट वाजत होता आणि सबंध हॉलमध्ये तेवढाच आवाज होता.

मुख्य पाहुण्यांच्या भुवया पहिल्या फेरीलाच वर गेल्या. दुसऱ्या फेरीला ते खुर्चीत पुढे सरकून बसले. अध्यक्षांनी घुमटाचं झाकण उचललं तेव्हा त्यांचा उजवा हात आपोआप मांडीवरचा नसलेला नॅपकिन उलगडायला गेला. मी ते पाहिलं. संपलं, मला वाटलं. आता नऊ माणसं नऊ दिशांना.

विधी संपल्यावर त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. इतिहासाची चार पानं त्यांच्या हातात होती.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"भोजनगृहाशी दैनंदिन व निकटचा संबंध," त्यांनी वाचलं. "मी पंचविशीत सभासद झालो. तेव्हा शुक्रवारचं जेवण असंच असायचं. अगदी असंच. हे झाकणसुद्धा." ते थांबले. मी मान खाली घातली. "मग माणसं गेली, कोणी शिकवलं नाही. आता आमच्याकडे बुफे आहे. उभ्यानं खातो आम्ही. हातात प्लेट घेऊन एकमेकांना कोपरं मारत." त्यांनी नाक पुसलं. "आतले विधी आम्ही पुस्तकात बघून बघून दहा वेळा बदलले. तुमचं मात्र जसंच्या तसं आहे. आमच्याकडून निघालेलं दुसरं काय इतकं नीट राहिलंय, मला सांगता येणार नाही. परंपरा आमचीच आहे. लिहून टाका."

चिटणिसानं मागून माझ्या बरगडीत कोपर मारलं आणि कुजबुजला, "सर, पार्सल डिलिव्हर."

आता एकच गोष्ट उरली होती. आम्ही सगळे ओळीनं आश्रमघरात गेलो. नऊ म्हातारी माणसं धुतलेल्या कपड्यांत लांब टेबलाशी बसली होती, आणि पाहुण्यांनाही त्यांच्यातच बसवलं होतं. बसलेल्याला वाढायचं, मग तो मुंबईचा असो नाहीतर वाडीचा. तांदळाच्या भाकऱ्या आल्या, मग वाल, मग अर्नाळ्याच्या पापलेटचं कालवण, ज्याला आम्ही कढी म्हणतो. मुख्य पाहुण्यांनी सूटच्या बाह्या वर केल्या. जेवता जेवता ते यादी पुढ्यात ठेवून एकेकाला विचारत होते. अवघड वाटत असावं त्यांनाही, कारण प्रत्येकाला विचारण्याआधी ते भाकरीचा एक घास खात होते. पहिल्या आजोबांनी मान हलवली. दुसऱ्या आजींनी सगळे देवाघरी गेल्याचं सांगितलं. तिसऱ्या आजोबांना ऐकू येत नव्हतं, त्यांनी आणखी कढी मागितली.

चौथी आत्या होती.

मी तिच्या शेजारीच उभा होतो, हातात वालाचं पातेलं. मुख्य पाहुणे म्हणाले, "आजी, तुमचं जवळचं कोणी?"

आत्यानं हातातली भाकरी खाली ठेवली. मान वर करून माझ्याकडे बघितलं. शाळेत धाडताना माझा भांग नीट पडलाय का ते बघायची, तसं. वाटलं, आता सांगेल. सांगावं असंही वाटलं, देवाशपथ.

"कोनी नाय," ती म्हणाली.

"भाऊ, भाचे, पुतणे?"

"कोनी नाय वो." तिनं हातानं टेबलाभोवतीच्या सगळ्यांकडे दाखवलं. "हीच माझी मानसं."

त्यांनी यादीवर खूण केली. मला एकच वाक्य म्हणायचं होतं, मी हिचा भाचा. तीन सेकंदांचं काम होतं. पण तेवढ्यानं तिचं खोटं पडलं असतं, सगळ्यांचं बिघडलं असतं, अशी कारणं माझ्याकडे तयार होती, आणि कारणांमध्ये मी आयुष्यात कधी कमी पडलेलो नाही. मला लाज वाटली. लाजेच्या जोडीला सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची जास्त लाज वाटली.

पाहुणे पाचव्या माणसाकडे वळले होते. आत्यानं आपलं ताट माझ्याकडे थोडं सरकवलं.

"भाऊ, वाल वाढा जरा," ती म्हणाली. जन्मात कधी तिनं मला अहो-जाहो केलं नव्हतं.

मी वाढू लागलो. तिनं बस म्हणेपर्यंत वाढत राहायचं असतं, आणि तिनं बराच वेळ बस म्हटलं नाही.